नववीच्या वर्गात भाषा कोण शिकवणार?

जून उजाडला की बडोद्याच्या मराठी घरांत माध्यमाचा वाद नव्याने सुरू होतो. दांडिया बाजारापासून मांजलपुरापर्यंत कुठल्याही लग्नाच्या पंगतीत बसा, दोन तट पडलेले दिसतात. एक म्हणतो, आपणच आपली पोरं इंग्रजी शाळांत घातली आणि मराठी शाळा ओस पाडल्या. दुसरा विचारतो, गुजरातेत राहून मराठीत शिकलेल्या मुलाने पुढे करायचं काय? दोघेही तावातावाने बोलतात, आणि दोघेही तीन-चार वर्षांच्या मुलाच्या प्रवेशाबद्दलच बोलतात. चौदा वर्षांच्या मुलाचं काय? आठवीपर्यंत मराठी, गुजराती किंवा हिंदी माध्यमात शिकून नववीला इंग्रजी माध्यमाच्या वर्गात येऊन बसलेला मुलगा आहे. शिक्षण हक्क कायद्यामुळे पहिलीपासून इंग्रजी शाळेत गेलेली, पण घरी इंग्रजीचं एक वाक्य बोलणारं कोणी नसलेली मुलगी आहे. या मुलांपुरता माध्यमाचा निर्णय केव्हाच होऊन गेला आहे. माझं म्हणणं असं की, त्यांना इंग्रजी शिकवणं ही माध्यमिक शाळेची जबाबदारी आहे. ती ट्यूशनवाल्यांची नाही, आईबापांची नाही आणि एकट्या इंग्रजीच्या शिक्षकाचीही नाही. गणित, विज्ञान, समाजशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येकाने ती उचलायला हवी, आणि उचलताना मुलाची घरची भाषा वर्गाबाहेर ठेवून चालणार नाही.

मी गणित शिकवते, म्हणून उदाहरण गणिताचंच देते. दोन चलांतली समीकरणं फळ्यावर लिहून दिली की भराभर सोडवणारी एक मुलगी माझ्या वर्गात होती. चाचणीत मात्र शाब्दिक उदाहरणांची जागा ती कोरी सोडायची. प्रश्न नेहमीचाच होता: एका दोन अंकी संख्येतल्या अंकांची बेरीज नऊ, अंकांची अदलाबदल केली तर मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा सत्तावीसने मोठी, तर मूळ संख्या कोणती? इंग्रजीत छापलेला हा प्रश्न तिने तीनदा वाचला आणि पेन खाली ठेवलं. मी तोच प्रश्न मराठीत तोंडी सांगितला. तिने दोन समीकरणं मांडली, वजाबाकी केली आणि छत्तीस असं उत्तर लिहिलं. मग म्हणाली, "टीचर, दाखला (म्हणजे गणिताचं उदाहरण) येतो मला. तो काय विचारतो तेच कळत नाही." तिच्या प्रगतिपुस्तकात मात्र 'गणितात कच्ची' असाच शेरा होता. त्या चाचणीने नेमकं काय मोजलं? अडचण पारिभाषिक शब्दांची नव्हती. हायपोटेन्यूज, कोएफिशंट, पॉलिनॉमियल हे शब्द तिला व्याख्यांसकट पाठ होते, कारण ते आम्ही शिकवतो. ती अडखळत होती वाक्याच्या जोडणीत: अमक्यापेक्षा इतक्याने जास्त, अनुक्रमे, तेव्हा आणि तेव्हाच, असं गृहीत धरल्यास. या गोष्टी तिला कोणीच शिकवलेल्या नव्हत्या. इंग्रजीच्या तासाला कविता, पत्रलेखन आणि काळांचे प्रकार होतात. गणिताच्या तासाला आम्ही धरून चालतो की भाषा तिकडे शिकवली जात असेल.

शाळांची फसगत आणखी एका कारणाने होते. नववीत आलेला मुलगा सहा महिन्यांत मैदानावर, कॅन्टीनमध्ये, मित्रांच्या घोळक्यात बऱ्यापैकी इंग्रजी बोलू लागतो, आणि सगळ्यांना वाटतं की प्रश्न मिटला. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच हा भेद स्पष्ट केला होता. बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते. धड्यातला युक्तिवाद समजून स्वतः मांडता येण्याजोगी भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. आणि ही वर्षं आजूबाजूला सगळीकडे इंग्रजी असलेल्या देशातली आहेत. आमच्याकडे नववीत येणाऱ्या मुलाच्या हाती दहावीच्या बोर्डापर्यंत दोन वर्षंसुद्धा पुरती नसतात. हिशोब उघड आहे, तरीही 'हळूहळू येईल' हे एकच उत्तर पालकांच्या सभेत दिलं जातं.

मातृभाषेच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. मूल आपल्या भाषेत अधिक खोल शिकतं, ही गोष्ट मला वर्गात रोज दिसते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही, शक्य असेल तिथवर शिक्षणाचं माध्यम मुलाची मातृभाषा असावी असं म्हटलं आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं. हा आग्रह जुनाही आहे. १८४७ च्या सुमारास मुंबईच्या शिक्षण मंडळात सर अर्स्किन पेरी इंग्रजीचा कैवार घेत होते, तेव्हा जगन्नाथ शंकरशेट यांनी त्यांच्याविरुद्ध उभं राहून देशी भाषांतून शिक्षणाची बाजू लढवली. मूठभर लोकांपुरतं ज्ञान नको, ते सर्वांपर्यंत पोहोचायचं तर लोकांच्याच भाषेतून पोहोचेल, हा त्यांचा मुद्दा मला आजही पूर्ण पटतो. पण या मुद्द्यातून नववीच्या वर्गातल्या त्या मुलीला काय मिळतं? तिने परत मराठी माध्यमात जावं, असं कोणी म्हणणार आहे का? तिच्या वस्तीजवळ मराठी माध्यमाचा माध्यमिक वर्ग उरला आहे का, हा प्रश्न तर आणखी वेगळा. मातृभाषेच्या नावाने पोटतिडकीने बोलणाऱ्यांनी ती मुलगी जिथे बसली आहे तिथे, त्या इंग्रजी वर्गात, मराठीला काम करण्याची मुभा मागितली तर मराठीचं भलं व्याख्यानांपेक्षा जास्त होईल.

आपल्याकडचे या विषयावरचे मोठे खटले पाहा. १९५४ मध्ये मुंबई सरकारने अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाची मुलं सोडून इतरांना इंग्रजी माध्यमाच्या शाळांत प्रवेश बंद करणारा आदेश काढला. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. बडोदा तेव्हा मुंबई राज्यातच होतं. १९६२ मध्ये गुजरात विद्यापीठाच्या बाबतीत असाच प्रश्न आला. अहमदाबादच्या कॉलेजात इंग्रजीतून शिकू पाहणाऱ्या एका मराठी कुटुंबातल्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी दाद मागितली होती, आणि गुजराती किंवा हिंदी हेच एकमेव माध्यम म्हणून लादण्याचा अधिकार विद्यापीठाला नाही, असा निकाल लागला. २०१४ मध्ये कर्नाटकाच्या प्रकरणात न्यायालयाने पुन्हा सांगितलं की प्राथमिक शाळेतसुद्धा सरकार मातृभाषेची सक्ती करू शकत नाही. तिन्ही निकाल दाराशी थांबतात. आत कोणाला घ्यायचं हे ठरलं. आत आलेल्याला शिकवलेलं समजतं का, हे कोणी विचारलंच नाही. तो प्रश्न सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी पालकांनी विचारला. त्यांच्या मुलांना इंग्रजी शाळेत प्रवेश होता, तीच पुस्तकं होती, तेच शिक्षक होते. तरीही आम्हाला शिक्षण मिळत नाही, असं ते म्हणत होते. १९७४ मध्ये लाउ विरुद्ध निकोल्स या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं एकमताने मान्य केलं. ज्याला भाषाच कळत नाही त्याला इतरांसारखंच पुस्तक आणि तोच शिक्षक दिल्याने समान वागणूक दिल्यासारखं होत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. आपण अजून प्रवेशाच्या रांगेवरच भांडतो आहोत.

इंग्रजीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सगळ्यात जोरदार मुद्दा असा की वर्गात घरची भाषा शिरली की इंग्रजी मागे पडते. मूल आळशी होतं, भाषांतराची वाट पाहतं. म्हणून कित्येक शाळांत आवारात गुजराती-मराठी बोललं की दंड असतो. या मुद्द्यात तथ्य आहे. शिक्षकच सगळा धडा मराठीत सांगून मोकळा झाला आणि शेवटी इंग्रजी उत्तर फळ्यावरून उतरवून घ्यायला लावलं, तर मुलाला ना विषय येतो ना भाषा. असे वर्ग मी पाहिले आहेत. पण त्यावर उपाय म्हणून घरच्या भाषेला बंदी घालणारे, मुलाला सगळा वेळ नव्या भाषेतच ठेवून 'बुडवून शिकवण्याच्या' (इमर्शन) ज्या पद्धतीचा दाखला देतात, तिचा इतिहास त्यांनी पुरता वाचलेला नसतो. १९६५ मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट इथे इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली मुलं फ्रेंच वर्गात घातली गेली आणि ती उत्तम शिकली, हे खरं. मात्र तिथल्या शिक्षकांना मुलांची इंग्रजी कळत होती, सुरुवातीला मुलांना इंग्रजीत उत्तरं द्यायची मोकळीक होती, आणि घरची भाषा हीच खंडातली प्रबळ भाषा असल्याने ती हरवण्याची भीती नव्हती. यातलं आमच्याकडे काय आहे? बडोद्याच्या वाडी भागात किंवा प्रतापनगरात राहणाऱ्या मुलाच्या कानावर शाळेबाहेर इंग्रजी पडते ती मोबाइलमधून. तीही बहुतेक गाण्यांतून आणि जाहिरातींतून. अशा मुलाला तासाला गप्प बसवून ठेवलं तर इंग्रजी आत जाईल कुठून? विचार करायला त्याच्याजवळ एकच भाषा आहे आणि तीच आपण दारात काढून ठेवायला सांगतो.

"आम्ही नाही का शिकलो?" हा प्रश्न माझ्या सासरी आणि माहेरी दोन्हीकडे विचारला जातो. विचारणारी माणसं कर्तबगार आहेत. आठवीत ए-बी-सी-डी गिरवून पुढे बँकेत, रेल्वेत, विद्यापीठात मोठ्या पदांवर गेलेली. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण दोन गोष्टी त्यांच्या लक्षात येत नाहीत. एक तर त्यांना आधार मिळाला होता. त्या वेळचे मास्तर इंग्रजी मराठीतूनच शिकवत. रोज दहा वाक्यांचं भाषांतर, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, आणि दुसऱ्या दिवशी वही तपासून परत. विज्ञान आणि भूगोल मराठीत चालू असायचा, त्यामुळे इंग्रजी कच्ची राहिली तरी ज्ञानाची वाट बंद होत नव्हती. आजच्या मुलाची इंग्रजी अडली की सातही विषय अडतात. दुसरं म्हणजे पंगतीत बसून हा प्रश्न विचारतात ती सगळी तरून गेलेली माणसं. मॅट्रिकला इंग्रजीतच गचके खाऊन ज्यांनी शाळा सोडली, ते त्या पंगतीत नसतात आणि असले तरी बोलत नाहीत.

शंभर वर्षांपूर्वी ढाक्यात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षणाधिकाऱ्याने नेमकं या गळून जाणाऱ्या मुलांकडे पाहिलं. बंगालमधली बहुतेक मुलं इंग्रजीचा अभ्यासक्रम पुरा होण्याआधीच शाळा सोडतात, तर मधेच सोडणाऱ्याच्या हाती काय लागतं, असं त्याने विचारलं. त्यासाठी त्याने विम्यातली कल्पना उचलली: पॉलिसी अर्ध्यात मोडली तर जी रक्कम परत मिळते, ती सरेंडर व्हॅल्यू. इंग्रजी शिक्षणाची सरेंडर व्हॅल्यू काहीच नसेल तर तो अभ्यासक्रम चुकीचा आहे, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणून त्याने वाचनाला पहिलं स्थान दिलं, शब्द मोजून-मापून निवडले आणि सोप्या वाचनमाला तयार केल्या. आपल्या नववी-दहावीला हा प्रश्न लावून पाहा. दहावीनंतर शिक्षण सोडून मकरपुऱ्याच्या कारखान्यात लागणारा किंवा दुकानात बसणारा मुलगा दोन वर्षांच्या इंग्रजी माध्यमातून काय घेऊन जातो? यंत्राबरोबर आलेलं माहितीपत्रक त्याला वाचता येतं का? दोन ओळींची तक्रार लिहिता येते का? गाईडमधली उत्तरं पाठ करून पस्तीस मार्क मिळवलेल्या मुलाकडे परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी यातलं काही उरत नाही.

बडोद्यात बसून हे लिहिताना महाराज सयाजीराव गायकवाडांचं नाव टाळता येत नाही, आणि मला ते टाळायचंही नाही. मात्र भाषणांत सांगितली जाते त्याहून वेगळी एक बाजू मला दाखवायची आहे. १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेला बारा वर्षांचा गोपाळ म्हणजेच पुढचे सयाजीराव; शिक्षण म्हणावं असं त्याला मिळालेलंच नव्हतं. सहा वर्षांनी, डिसेंबर १८८१ मध्ये, त्याच्या हाती राज्यकारभार आला, आणि पुढे इंग्रजीत खलिते लिहून ब्रिटिश रेसिडेंटांशी वाद घालणारा राजा म्हणून तो ओळखला गेला. म्हणजे वयाने तो आपल्या माध्यमिक शाळेतला, उशिरा इंग्रजी सुरू करणारा विद्यार्थीच होता. त्याला एफ. ए. एच. इलियट यांच्यासारखा शिक्षक दिला गेला. इंग्रजीबरोबर मराठी, गुजराती आणि उर्दूही शिकवली गेली. मराठी बंद केली तर इंग्रजी लवकर येईल, असं त्याच्या शिक्षकांनी मानलं नाही. यावर कोणी म्हणेल की त्याच्यामागे अख्खं संस्थान उभं होतं, त्याची बरोबरी वाडीतल्या मुलाशी कशी होईल? खरं आहे. पण बाराव्या वर्षी नवी भाषा हाती घेणाऱ्या मुलाला वेळ, माणसं आणि स्वतःची भाषा यांचा आधार लागतो, हे त्या वेळच्या दरबाराला कळलं होतं. आणि पुढे त्या राजाने तो आधार आपल्यापुरता ठेवला नाही. बडोदा कॉलेजात इंग्रजीतून शिक्षण चालू असतानाच १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जरांच्या कल्पनेतून कलाभवन उभं राहिलं आणि तिथे रंगकाम, विणकाम, यंत्रविद्या देशी भाषेतून शिकवायचा प्रयत्न झाला. १९३१ मध्ये संस्थानाने कारभारातल्या इंग्रजी संज्ञांना मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी आणि बंगाली प्रतिशब्द देणारा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' छापला. आठ भाषा एका पानावर शेजारी-शेजारी! कारकुनाला जे मिळालं ते आज याच शहरातल्या नववीच्या मुलाला मिळत नाही.

आता अडचणींबद्दल. माझे सहकारी सांगतात त्या खऱ्या आहेत. वर्गात पन्नास-साठ मुलं, त्यांत गुजराती, मराठी, हिंदी, सिंधी अशा चार घरभाषा, अभ्यासक्रम पुरा करायची घाई, वर निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं. सगळ्या भाषा शिक्षकाला कुठून येणार? पण त्या यायची गरजच नाही. एकच घरभाषा असलेली दोन मुलं शेजारी बसवली आणि प्रश्न वाचल्यावर तीन मिनिटं आपल्या भाषेत त्यावर बोलायची परवानगी दिली, तर शिक्षकाला ती भाषा यावी लागत नाही. उत्तर इंग्रजीत मागावं, विचार कुठल्याही भाषेत होऊ द्यावा. गुजरात राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाची गणित-विज्ञानाची पुस्तकं मराठी आणि गुजराती माध्यमासाठीही निघतात, धडे तेच आणि क्रमही तोच. इंग्रजी पुस्तकाशेजारी दुसरं पुस्तक उघडं ठेवायला कोणाची हरकत असावी? मुलाने संध्याकाळी घरी आधी मराठी धडा वाचला आणि सकाळी इंग्रजी, तर इंग्रजी वाक्यात काय असणार हे त्याला आधीच ठाऊक असतं, आणि मग त्याचं सगळं लक्ष ते कसं मांडलं आहे याकडे जातं. माझ्या वर्गात सर्वांत जास्त फरक या एका गोष्टीने पडला. दुसरा क्रमांक शाब्दिक उदाहरणांच्या तासाचा: आठवड्यातून एक तास गणित सोडवायचंच नाही, फक्त प्रश्न वाचायचा, काय दिलं आहे आणि काय विचारलं आहे ते आपल्या शब्दांत सांगायचं आणि शेवटी तसाच एक प्रश्न स्वतः इंग्रजीत तयार करायचा. अभ्यासक्रम मागे पडेल अशी भीती मलाही होती. तो पडला नाही, कारण एरवी तेच तास परत परत समजावण्यात जात होते.

हे सगळं सुट्या शिक्षकाच्या उत्साहावर सोडणं मात्र मला मान्य नाही. इंग्लंडमध्ये १९७५ साली बुलक समितीने सांगितलं होतं की भाषा हा एका विषयाच्या शिक्षकाचा प्रांत नसून साऱ्या शाळेने त्यासाठी एक धोरण ठरवलं पाहिजे आणि प्रत्येक विषयशिक्षकाने त्यातला आपला वाटा उचलला पाहिजे. आपल्या कायद्यातही याचं बीज आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घेताना इतरांच्या बरोबरीला आणण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. वय वाढलेलं मूल मागे राहू नये हे संसदेला कळलं. मग भाषा बदललेलं मूल मागे राहू नये, हे आपल्याला का कळू नये? तो कायदा चौदाव्या वर्षी, आठवीला संपतो. भाषा बदलणाऱ्या मुलाची खरी अडचण त्याच उंबऱ्यावर सुरू होते.

दर्जा खालावेल, ही शेवटची शंका. दहावीच्या बोर्डात कोणी दुभाषी शब्दसूची हातात देणार नाही, मग आता सवय का लावायची? याचं उत्तर नववीच्या परीक्षेत आहे. ती बोर्डाची नसते. पहिल्या सत्राच्या गणित-विज्ञानाच्या पेपरसोबत नेहमीच्या प्रश्नरचनांची एका पानाची दुभाषी सूची द्यावी, दुसऱ्या सत्रात ती अर्ध्यावर आणावी आणि वार्षिक परीक्षेत काढून घ्यावी. पहिल्या सत्रात विज्ञानाचं उत्तर बरोबर असेल तर मोडक्या इंग्रजीचे मार्क कापू नयेत, चूक मात्र दुरुस्त करून दाखवावी. जूनमध्ये प्रत्येक नव्या मुलाची एक छोटी वाचनचाचणी घ्यावी आणि आधीच्या माध्यमाची नोंद विषयशिक्षकांच्या हाती द्यावी. आज ती नोंद ऑफिसच्या फायलीत पडून असते आणि वर्गशिक्षकाला दिवाळीपर्यंत पत्ता नसतो. यातल्या एकाही गोष्टीला गांधीनगरची परवानगी लागत नाही. या शहरात मराठी माणसांनी चालवलेल्या कितीतरी शिक्षणसंस्था आणि मंडळं आहेत, त्यांच्या इमारती संध्याकाळी रिकाम्या असतात, आणि भाषांतराच्या वह्या तपासण्यात हयात गेलेले निवृत्त शिक्षक याच पेठांत राहतात. विश्वस्तांनी येत्या एप्रिलच्या बैठकीत नववीच्या वेळापत्रकात रोज एक भाषेचा तास आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी या शिक्षकांसाठी दोन खोल्या, एवढाच ठराव घ्यावा, अशी माझी मागणी आहे. जूनमध्ये येणाऱ्या मुलांची नावं आठवीच्या निकालाबरोबर कळतातच, तेव्हा खोल्या त्याआधी तयार असायला हव्यात.